मानाचा पाना

"तो पाना उलटा फिरत नाही," लोटन अण्णा म्हणाले.

मी रथाच्या डाव्या चाकाशी मांडी ठोकून बसले होते. समोर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या गड्ड्यात, आठ कोनांचा, बशीएवढा लोखंडी नट. तो खोलण्यासाठीच बनवलेला पाना माझ्यापासून पंचवीस पावलांवर, देवळाच्या सभामंडपातल्या काचेच्या कपाटात होता. त्याच्या दांड्यावर चांदीचा पत्रा चढवलेला आणि तोंडाला झेंडूचा हार. तो मला मिळणार नव्हता.

"उलटा फिरत नाही म्हणजे काय, अण्णा? लोखंडाचा पाना आहे. फिरवाल तसा फिरेल."

"मानाचा पाना हाये तो, पोरी. त्यानं नट आवळतात, सैल नाही करत. देवाच्या रथाचं काही सैल करायचं नसतं."

"मग मी हा खोलू कशानं?"

"ते तू पाहाय. तुले त्याच्यासाठीच तर बोलावलं."

असं म्हणून त्यांनी उपरणं झटकलं आणि सभामंडपाच्या पायरीवर जाऊन बसले. बाकीचे चार मानकरीही तिथंच बसले होते. पाच जणांत मिळून एकाच्याही हाताला ग्रीस लागलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही.

ही गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. आमच्या गोंदेखेडीचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. चार माणसं उंच, सागवानी, नक्षीचा. पूर्वी त्याला लाकडी कणा होता. तो चौऱ्याहत्तर साली मोडला, तेव्हा जुना ट्रक तोडणाऱ्या कोणा कारागिराकडून लोखंडी ॲक्सल बसवून घेतला. जाताना त्या कारागिराने एक पाना दिला आणि सांगितलं, की वर्षातून एकदा नट तपासत जा. आता तपासायचा कोणी, यावरून गावात महिनाभर भांडण झालं. शेवटी तोडगा निघाला तो असा: पाच मानकऱ्यांची पाच घरं, प्रत्येक घराने रथाच्या दिवशी पान्याला एक एक हिसका द्यायचा. तेव्हापासून दर वर्षी गुलाल उधळून, जयघोष करून, पाच धट्टेकट्टे पुरुष पाळीपाळीने त्या नटाला लोंबकळत आले. ज्याचा हिसका जोराचा, त्याच्या घराची वर्षभर वाहवा. नट पुन्हा सैल करून बघावा, असं चोवीस वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी एकादशीला चार दिवस असताना चाचणीसाठी रथ ओढला, तर डावं चाक फिरेचना. दगडी फरशीवर नुसतं फरफटलं. तालुक्याहून दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने गॅस कटर मागितला. त्याला सांगितलं, देवाच्या रथाला आग लावायची नाही. दुसऱ्याने छिन्नी काढली. त्याला सांगितलं, रथावर घाव घालायचा नाही. तो म्हणाला, मग आरती म्हणा, सुटला तर सुटेल, आणि मोटरसायकलला किक मारून गेला. तेव्हा कोणाला तरी आठवण झाली, की सुपडू मिस्तरींची कुमुद तालुक्याला नवऱ्याच्या ट्रॅक्टर गॅरेजात लेथ चालवते.

ती कुमुद मीच. बाईमाणसाने रथाला हात लावलेला चालतो का, यावर अर्धा दिवस खल झाला. पुजारीबुवांनी निवाडा दिला, की रथ देवाचा असला तरी नट ट्रकचा आहे, तेव्हा नटाला हात लावायला हरकत नाही. म्हणजे आवळताना नट देवाचा आणि खोलताना ट्रकचा. मी हसून सोडून दिलं, कारण मला ते चाक खोलायचंच होतं. रथ निघो न निघो, मला त्याचं सुखदुःख नव्हतं. मला त्या चाकाच्या आत काय आहे ते बघायचं होतं.

त्याचं कारण घरी ओट्यावर बसलेलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं त्या रथाचे मोगरीवाले होते. रथाला ना ब्रेक, ना सुकाणू. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. रथ वळवायचा किंवा थांबवायचा तर मोगरीवाला चालत्या चाकापुढे ती सरकवतो आणि पुन्हा काढून घेतो. एवढ्या मोठ्या धुडाशी फक्त त्या लाकडाने बोलायचं असतं. आबा ते असं करत, की आत बसलेल्या मूर्तीपुढची समई हलत नसे.

त्याच्या तीन वर्षं आधी बाजारपेठेच्या उतारावर रथ एकाएकी डावीकडे वळला. मोगरी उडाली आणि आबांच्या डाव्या पायाची तीन बोटं चाकाखाली गेली. आबा तालुक्याच्या दवाखान्यात असतानाच मानकऱ्यांची बैठक बसली. सुपडूच्या हातून मोगरी सुटली, असं ठरलं. म्हातारा झाला, नजर गेली, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, घेतलेली असेल. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मोगरीचा मान काढून माझ्या चुलतभावाला, गोकुळला दिला. आबांना कोणी विचारलंही नाही.

दवाखान्यात आबा मला एकदाच म्हणाले होते, "बाई, मोगरी नाही सुटली. चाक अडलं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. देवळाच्या रस्त्यानं जाणं मात्र सोडलं. मी तेव्हापासून आतल्या आत धुमसत होते. चाक अडलं असेल तर त्याचा पुरावा त्या नटाच्या मागे होता, आणि गावाने स्वतःहून तो माझ्यापुढे आणून ठेवला होता.

तेव्हा पाना मिळत नाही म्हटल्यावर मी घरी आले आणि आबांपुढे सगळं ओकले. म्हटलं, त्यांच्या कपाटात पाना आहे आणि मला म्हणतात तू पाहाय. उद्या मी गॅस कटर घेऊनच जाते, बघू कोण अडवतं.

आबांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "नट किती मोठा हाये?"

"माप नीट घेता येत नाही. तुंब्यात खोल बसलाय. कॅलिपर जात नाही."

आबा उठले, लंगडत आत गेले आणि आईने पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून मूठभर गोळा तोडून आणला. "हे त्याच्यावर दाब. वरून तेलाचा हात फिरव म्हणजे चिकटणार नाही. अन् जपून आण."

मला अकरा वर्षं लेथवर काढून हे सुचलं नव्हतं. मी जाऊन कणीक नटावर दाबली. पायरीवरून कोणीतरी विचारलं, नैवेद्य दाखवते का काय. कणकेत आठही कोन लख्ख उमटले होते. त्यावरून आबांनी रात्रीच्या जेवणाआधी बाभळीच्या तुकड्यातून नटाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती काढली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी गॅरेजात गेले. पाऊण इंची जाड लोखंडी पाट्यात भोक पाडलं आणि दुपारपर्यंत कानस मारत राहिले, लाकडी नट त्यात न डुगडुगता बसेपर्यंत. मग तो पाटा जाड नळीच्या तोंडावर जोडला, नळीला आडवं भोक पाडून सहा फुटी पाइप घालायची सोय केली. चांदी नव्हती आणि हारही नव्हता, पण पाना झाला.

नवऱ्याने गॅरेजातला दहा टनाचा जॅक दिला. येतो म्हणाला, पण मी नको म्हटलं. मी परतले तर आबा देवळापुढे उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. खांद्यावर त्यांची जुनी मोगरी होती.

पाच जण पायरीवर होतेच. आता गावही जमलं होतं. मी नटावर आदल्या दिवशीच रॉकेल सोडून ठेवलं होतं. पाना चढवला. बरोबर बसला. पाइपावर गोकुळ आणि आणखी तिघं लोंबकळले. काही हललं नाही. पाइप मात्र जरासा वाकला.

"आमच्या घरचा हिसका हाये तो," एक मानकरी अभिमानाने म्हणाला. "कोणाच्या बापाले सुटणार नाही."

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरांना बाजूला केलं, पाइप उजवीकडे आडवा धरला आणि त्याच्या टोकाखाली जॅक उभा केला. दहा माणसं हिसका देतात तो क्षणाचा असतो. जॅक हिसका देत नाही, तो दाबतच राहतो. अडचण एकच होती. एवढ्या दाबाखाली पाना नटावरून निसटला तर समोरच्याचं डोकं जाईल. कोणीतरी तो आत दाबून धरायला हवा होता, आणि तेही लांबून.

मी काही बोलायच्या आत आबा चाकासमोर आले. मोगरीचं टोक त्यांनी पान्याच्या तोंडावर टेकवलं, दांडा काखेत धरला, अर्धा पाय आणि अख्खा पाय जमिनीत रोवला.

"आबा, तुम्ही नका."

"तू जॅक मार."

मी जॅक मारायला लागले. पाइप कण्हला. रथाचा कळस किंचित थरथरला तशी बायका मागे सरकल्या. लोटन अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, पुरे, रथाले काही झालं तर जबाबदार कोण. मी आणखी एक दांडा मारला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. पाइप वीतभर वर उडाला आणि जॅक कलंडला. मी आबांकडे बघितलं. मोगरी होती तिथंच होती, तसूभरही सरकली नव्हती.

नट सुटला होता. मी तो उरलेला हाताने फिरवून काढला.

रथ जॅकवर उचलून चाक ओढलं, तेव्हा आतून आधी काळी पूड सांडली. मग रोलर सांडले. काहींचे तुकडे, काही चपटे झालेले. बेअरिंगची आतली कडी ॲक्सलला चिकटून बसली होती, जळून निळी पडली होती. एका बाजूने ती गंजलेली होती. म्हणजे ती या वर्षी फुटली नव्हती, बऱ्याच आधी फुटली होती, आणि चाक तेव्हापासून तुकड्यांवरच कसंबसं फिरत होतं. तीन वर्षांचा गंज मला ओळखता येतो. लोखंडात आयुष्य गेलंय माझं.

मी पुजारीबुवांकडे ताट मागितलं. त्यांनी न कळून आरतीचंच दिलं. त्यात मी ते सगळे तुकडे भरले आणि नेऊन पायरीवर, पाच जणांच्या पुढ्यात ठेवलं.

"अण्णा, हे बघा. अशी बेअरिंग आवळायची आणि मग पाव फेरा सैल सोडायची असते, तरच चाक फिरतं. तुम्ही चोवीस वर्षं नुसती आवळत आलात. पाच घरांचे पाच हिसके. त्यानं ती चिरडली, जळली आणि अडकली. तीन वर्षांपूर्वी उतारावर हेच झालं. चाक अडलं, म्हणून रथ वळला. आबांची मोगरी सुटली नव्हती."

लोटन अण्णांनी ताटातला एक रोलर उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं. ते अडाणी नव्हते.

"जुनी वस्तू हाये," ते शेवटी म्हणाले. "झिजायचीच. याच्यात कोणाचाच दोष नाही."

"तीन वर्षांपूर्वी होता की दोष. तेव्हा बरा एका बैठकीत सापडला."

"झालं गेलं उकरून काय मिळतं, पोरी? एकादशी तोंडावर हाये. चाक बसव."

मी गावाकडे वळून बघितलं. मला वाटलं होतं, कोणीतरी एक जण तरी तोंड उघडेल. गोकुळ जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात पुजारीबुवांनी सांजआरतीची घंटा वाजवली आणि लोकांना सुटल्यासारखं झालं. सगळे आत गेले. आरतीचं ताट माझ्याकडे होतं म्हणून त्यांनी दुसरं घेतलं.

मी आबांना म्हटलं, चला घरी. नाही बसवत मी चाक. ओढू दे त्यांना फरफटत.

आबा चाकाच्या बाजूला बसले होते. मोकळा झालेला नट त्यांच्या हातात होता. "एकादशीले गोकुळ असंन चाकापुढे," ते म्हणाले. "त्यानं काय केलं?"

मग मी नवी बेअरिंग आणली, बसवली, आवळली, पाव फेरा सैल सोडली आणि नवी लॉकची चकती ठोकली. चाक एका बोटाने फिरायला लागलं. आणि तरीही सगळं व्यर्थ जाणार होतं, कारण एकादशीला सकाळी ते पाच जण पुन्हा मानाचा पाना घेऊन येणार आणि पुन्हा लोंबकळणार होते. मी लोटन अण्णांना सांगायला गेले. ते म्हणाले, मान बंद होत नसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो प्रकार.

तोडगा आबांनीच काढला. त्यांनी तुंब्यावर ठोकून पक्कं बसेल असं बाभळीचं जाड झाकण केलं आणि त्याच्या मधोमध आठ कोनांचा लाकडी नट, खऱ्याच्या मापाचा. काळा रंग दिला, वरून तेल पाजलं. मानाचा पाना त्याच्यावर बरोबर बसत होता आणि खरा नट आत सुखरूप राहत होता. आबा स्वतः लोटन अण्णांच्या घरी जाऊन ते दाखवून आले. अण्णांनी बघितलं, मान हलवली आणि चहा विचारला. त्यापलीकडे काही नाही.

त्या रात्री मी आबांशी भांडले. आयुष्यात कधी बोलले नव्हते तसं बोलले. म्हटलं, त्यांनी तुमचं नाव मातीत घातलं आणि तुम्ही त्यांची अब्रू झाकायला लाकूड तासता. तुम्हाला राग येत नाही का? तुम्ही माणूस आहात का दगड?

आबा झाकणाला शेवटचा तेलाचा हात देत होते. "मान त्यायचा," ते म्हणाले. "पाय पोरायचे."

एवढंच. एकादशीला पाच जणांनी गुलाल उधळून लाकडाला हिसके दिले, जयघोष झाला आणि रथ लोण्यासारखा चालला. पुढे दर वर्षी चालला. गोकुळने एकदा मोगरी आणून आबांच्या पायाशी ठेवली. आबा म्हणाले, ज्यांनी घेतली त्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं, मग घेईन. ते कोणी म्हटलं नाही. लोटन अण्णा वारले. त्यानंतर सहा वर्षांनी आबा वारले. गावात आजही बाजारपेठेच्या उतारावर पोरांना सांगतात, इथं एका मिस्तरीच्या हातून मोगरी सुटली होती बरं का. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आबांबद्दलचा माझा रागही मनातून पुरता गेला नव्हता. इतकं गिळणारा माणूस मला समजत नव्हता.

गेल्या वर्षी त्या झाकणाला चीर गेली. नवीन करून द्या, म्हणून लोटन अण्णांचा मुलगा गॅरेजात आला. मी जाऊन ते उतरवलं. इतक्या वर्षांत ते कोणी काढलं नव्हतं. काढायचं कारणच नव्हतं. गॅरेजात आणून माप घ्यायला उलटं केलं, तर आतल्या बाजूला, नटाच्या अगदी पाठीशी, पटाशीने खोल कोरलेली अक्षरं होती. आबा चौथी शिकलेले. वेलांट्या सगळ्या चुकलेल्या.

मोगरि सुटलि नव्हति. चाक अडलं होतं. सुपडू.

एवढी वर्षं, दर एकादशीला, पाच घरांचे पुरुष त्या वाक्यावर आपला सगळा जोर लावत आले होते आणि ते वाक्य तसूभर हललं नव्हतं. आबांनी गिळलं नव्हतं. त्यांनी ते रथालाच ठोकून ठेवलं होतं, आणि मी त्यांना दगड म्हणाले होते.

नवीन झाकण मी बाभळीचंच केलं. माप तेच, आठ कोन तेच, काळा रंग तोच. आबांची अक्षरं वेलांट्यांच्या चुकांसकट जशीच्या तशी उतरवून घेतली. फक्त ती बाहेरच्या बाजूला कोरली आणि त्यांच्यात पांढरा रंग भरला. एकादशीच्या आदल्या रात्री, देऊळ बंद झाल्यावर, ते मीच चाकावर ठोकून आले.

एकादशीला सकाळी लोटन अण्णांचा मुलगा गुलालाने माखलेला मानाचा पाना घेऊन पुढे आला, चाकाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. मागून लोक विचारायला लागले, काय झालं, लाव की. मी गर्दीत होते. आठ कोन जुळवायचे तर नटाकडे नीट बघावं लागतं, आणि त्याला वाचता येत होतं.